कदंबाच्या आळ्याशी

या, पुढे सरकून बसा. दाराशी उभं राहून ऐकणाऱ्याला गोष्ट अर्धीच मिळते, आणि ही गोष्ट अर्धी नेण्यासारखी नाही. खुनाची आहे. दचकू नका, यात सुरा नाही, रक्त नाही, पोलीस तर नावालाही नाही. ज्याच्यावर वार होत होता तो मुका होता, आणि भर वस्तीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रोज थोडा थोडा मरत होता. रामाचं नाव घ्या आणि ऐका.

१

नागपुरात महाल नावाच्या जुन्या वस्तीच्या अंगाला, चितारओळीकडून येणारा रस्ता जिथे दोन गल्ल्यांना मिळतो, तिथे कदंब चौक होता. एका बाजूला नाटकांचं रंगविलास थिएटर, समोर तबले मढवणाऱ्यांची दुकानं, मागच्या बोळात पोळ्याला मिरवायच्या मारबतीच्या पुतळ्यांचे सांगाडे बांधणारे कारागीर. आणि मधोमध कदंबाचं झाड. त्याच्याखाली पिढ्यान् पिढ्या कीर्तनं होत आलेली.

पण चौकाची दशा काय वर्णावी! उघडी गटारं, तिन्ही वाटांच्या कोपऱ्यावर उकिरडा, त्यावर डुकरांचं संमेलन. कीर्तनाला आलेला माणूस हात जोडण्याआधी नाक धरायचा.

मग अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी रस्तेसुधारणेची योजना आली आणि चौकाचं भाग्य उजळलं. गटारं झाकली गेली. भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी बसली. बाकं आली, मर्क्युरीचे दिवे आले. उकिरडा गेला आणि त्या जागी पाटी लागली, 'येथे काहीही टाकू नये'. दिवेलागणीनंतर जिथे माणूस चाचपडत चालायचा, तिथे आता मोहल्ल्यातली झाडून सारी पोट्टी लंगडी खेळू लागली.

मूळ नकाशात झाड नव्हतं. तिथे चार गाळे होते. पण ओव्हरसिअर वामनराव मनाचे भले. त्यांनी पेन्सिलीने नकाशात एक गोल काढला, झाडाभोवती मातीचं आळं आणि त्याला सिमेंटचा कठडा दाखवला आणि तो नकाशा वरिष्ठांच्या पुढे ठेवला. साहेबांनी सही केली, पण अट घालून. झाड जोमात असेल तर राहील. वाळलं, तर निघेल आणि गाळे होतील.

पुढच्या गुढीपाडव्याच्या सकाळी इंदुताई बोकारे चौकात आल्या. रामाच्या नवरात्रात रोज उन्हं कलल्यावर त्यांचं कीर्तन व्हायचं. पन्नाशी उलटलेली, पण आवाज असा की शेवटच्या बाकावरचा पेंगणाराही ताठ बसावा. गादी कुठे टाकायची ते बघायला त्या झाडाखाली गेल्या आणि थबकल्या.

चैत्रात कदंबाने कोवळ्या पानांनी भरून जायचं. इथे पायाखाली पानांचा थर पडला होता. इंदुताईंनी एक पान उचललं. मध्ये हिरवं, आणि कडा मात्र जळालेल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या पापडासारख्या. वर बघितलं, तर फांद्यांमधून आभाळ दिसत होतं.

"हे कधीपासून हो?" त्यांनी विचारलं.

"महिना झाला असन," मागून खणखणीत आवाज आला. अंजनाबाई ठवकर. चौक सुधार समितीच्या महिला प्रमुख, कीर्तनात पहिल्या ओळीच्या कायमच्या धनीण. तोंडाने फटकळ, पण समितीच्या कामात सगळ्यांच्या पुढे. "ताई, हे झाड आपोआप नाही सुकून राहिलं. याले मारून राहिलं कोणी तरी. अन् कोण, ते बी मले माहीत हाये."

त्यांनी बोट दाखवलं. आळ्याला लागूनच दगडी ओट्यावर आपली छोटी भट्टी पेटवून नत्थू फुटाणेवाला बसला होता. हातातली चाळणी त्याच्या हातातच राहिली.

२

"मी काहून मारीन जी झाडाले?" नत्थू म्हणाला. "माह्या डोक्साले ऊन लागू देत नाही थे. मी तर त्याले पाणी देतो सांजच्याला."

"पाणी का काय, कोणाले ठाऊक!" अंजनाबाई म्हणाल्या. "लोटा घेऊन आळ्यात वाकलेला पाह्यला मी तुले. भट्टीचा धूर, गरम रेती, सारं त्याच्याच मुळावर. समितीनं ठरवलं हाये. दशमीले साहेब येऊन राहिले झाड पाहाले. त्याच्या आधी ओटा खाली कर. तुह्यापायी चौकाची बदनामी नको."

अंजनाबाई निघून गेल्या. नत्थूने भट्टीतला विस्तव मागे ओढला. वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन तो गल्ल्या हिंडला होता. चौक सुधारला तेव्हा वामनरावांनी त्याला हा ओटा दिला. मागच्या महिन्यात त्याच्या बहिणीचं पोस्टकार्ड आलं होतं, पत्ता लिहिलेला, 'नत्थू, कदंबाच्या झाडाखाली, नागपूर'. पोस्टमन बरोबर घेऊन आला. ते कार्ड नत्थूने चौकातल्या प्रत्येकाला दाखवलं होतं.

"बाई, माह्या बापाले पत्ता नव्हता, मले भेटला. आता थो बी जाते," तो म्हणाला.

इंदुताईंना कीर्तनात देवाचा धावा करता येत होता, पण देव धावून येईपर्यंत आपण बसून राहावं हे त्यांना कधी जमलं नाही. "तू भट्टी विझवू नको. दशमीला अजून अवकाश आहे. बघू कोण झाडाच्या जिवावर उठलंय ते," त्या म्हणाल्या.

झाड गेलं तर फायदा कोणाचा? इंदुताई पहिल्यांदा गेल्या चंपतरावांच्या कापड दुकानात. त्यांच्या नव्या रंगीत पाटीसमोर कदंबाची एक जाड फांदी आडवी यायची, आणि त्यावरून त्यांची कुरकुर सगळ्या चौकाने ऐकली होती.

"खरं सांगू का ताई, दिवाळीत मी त्या फांदीला कुऱ्हाड लावणारच होतो," चंपतराव गादीवरून पुढे सरकत म्हणाले.

"मग?"

"मग बाजूच्या बोळातल्या दुकानदाराकडं गेलो. त्याच्याकडं सावली नाही. काचेत टांगलेली लाल लुगडी उन्हानं गुलाबी झाली, अन् गुलाबी झाली पांढरी! गिऱ्हाईक म्हणे, सुतकाचं कापड काहून लावलं गा? तेव्हापासून मी त्या फांदीला नमस्कार करतो. पाटी नाही दिसली तरी चालेल, पण रंग टिकला पाहिजे. झाड मेलं तर माझं अर्धं दुकान पांढरं होईल."

इंदुताई हसत बाहेर पडल्या. एक संशयित गळला.

दुसरे रुपराव, रंगविलास थिएटरचे मॅनेजर. झाडावरचे कावळे त्यांच्या नाटकांच्या पोस्टरवरच्या नायिकांची तोंडं खराब करायचे. 'झाड काढावे' असा अर्ज त्यांनीच पूर्वी केला होता.

"अर्ज केला होता, नाही कशाला म्हणू?" रुपराव तिकीट खिडकीतून म्हणाले. "पण दुपारच्या खेळाची रांग कुठं लागते, पाहिलं का तुम्ही? बरोब्बर झाडाखाली. उन्हात कोण उभं राहील इथं? कावळ्यानं नायिका खराब केली तर पोस्टर पुसता येते बाई. रिकामी खुर्ची कशानं पुसू?"

म्हणजे याचाही जीव झाडातच अडकलेला. संध्याकाळचं कीर्तन आटोपून इंदुताई बाकावर बसल्या. ज्याच्या त्याच्याकडे गेलं की झाडाचं वैर निघेना, प्रेमच निघे. मग मारतंय कोण?

दिवे लागले. पोरांचा गलका सुरू झाला. तेवढ्यात समोरून अंजनाबाई आल्या, भरभर, खाली मान घालून, एक मूठ पदराखाली.

"अंजनाबाई! अहो, जरा थांबा, नत्थूचं बोलायचं होतं," इंदुताईंनी हाक मारली.

अंजनाबाईंनी ओ दिली नाही. वळूनही पाहिलं नाही. हातभर अंतरावरून, भिंतीशेजारून जावं तशा निघून गेल्या. नत्थूची बाजू घेतली म्हणून रुसल्या वाटतं, इंदुताईंच्या मनात आलं.

आणि तेव्हाच त्यांनी पाहिलं, की महादेवाच्या देवळाला सोडलेला पांढरा सांड ठुमकत चौकात आला आहे. चंपतरावांनी दुकानातून पोळी पुढे केली. सांडाने पोळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो सरळ कदंबापाशी गेला, कठड्यावरून मान आत घातली आणि आळ्यातली माती जिभेने चाटू लागला. गूळ असल्यासारखी, डोळे मिटून.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुताई आळ्याशी खाली बसल्या. ओव्हरसिअर वामनरावही आले होते. साहेबांपुढे काय सांगायचं या काळजीने त्यांचं तोंड झाडापेक्षा जास्त सुकलं होतं. इंदुताईंनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"ताई! अहो, काय करून राहिलात?"

"तुम्हीही घ्या. प्रसाद आहे," त्या म्हणाल्या आणि थुंकल्या.

वामनरावांनी चाखली. त्यांचे डोळे विस्फारले. "खारट!"

शब्द तोंडातून निघाला मात्र, आणि दोघांचीही मान एकाच वेळी ओट्याकडे वळली. नत्थूच्या समोर कढई होती. कढईत दाणे होते. आणि दाण्यांखाली होतं मीठ. चौकात सगळ्यात जास्त मीठ कोणाकडे असेल तर ते खारे दाणे विकणाऱ्याकडे.

आपण याला वाचवायला निघालो आणि दोर वळून आणला याच्याच गळ्यासाठी! वाऱ्याने बातमी नेली असावी, कारण घटकाभरात अंजनाबाई हजर. "खारट निघाली ना माती? मी काय म्हणून राहिली होती?"

नत्थू उठला. त्याने कढई उचलून आणली आणि इंदुताईंच्या पुढ्यात ठेवली. "बाई, हे माह्यं मीठ. पाहून घ्या. तुम्हाले हे त्या मातीत दिसलं तर मी आजच्या आज ओटा सोडतो."

इंदुताई वाकल्या. कढईतलं मीठ पांढरं नव्हतं. राखेसारखं काळपट होतं. एकच मीठ पुन्हा पुन्हा तापवून दाणे भाजायचे, ते करपत जातं, पण फेकत कोणी नाही.

"वामनराव, जरा माती उकरा," इंदुताई म्हणाल्या.

वामनरावांनी खुरपं चालवलं. मातीत मिठाचे खडे होते, काही विरघळून पांढरी खपली झालेले, काही अजून अख्खे. सगळे पांढरेशुभ्र. स्वयंपाकघरातल्या बरणीतले असावेत तसे. काळा एकही नाही.

"पांढरं बी असनच की त्याच्याकडं," अंजनाबाई म्हणाल्या. पण आवाजातली धार कमी झाली होती.

"थांबा, अजून काही तरी आहे." वामनरावांनी तळहातावर माती पसरली. "ही मोहरी. आणि हे... हे मिरचीचं देठ. ताई, मीठ, मोहरी, मिरची. हे तर लोणच्याचं सामान झालं!"

"कदंबाला लोणचं घालतंय कोण?" इंदुताई म्हणाल्या आणि सगळे हसले. नत्थूसुद्धा. अंजनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मातीकडे बघत होत्या. मग घरी दूध उतू जाईल असं काहीसं पुटपुटून त्या लगबगीने निघाल्या.

४

पंचमीचं कीर्तन असं रंगलं की विचारू नका. इंदुताई हनुमंताचं उड्डाण सांगत होत्या आणि समोरची पोट्टी बाकांवरून उड्या मारत होती. आरती झाली, लोक पाया पडले, "काय गळा दिला देवानं!" म्हणाले. इंदुताई घरी आल्या त्या दमून. डोकं ठणकत होतं.

त्या ओसरीवर बसल्या, तोच त्यांची सून जया आतून आली. मूठ झाकलेली. काही न बोलता ती सासूच्या समोर उभी राहिली, पायापासून डोक्यापर्यंत मूठ ओवाळली, पुन्हा ओवाळली आणि तशीच दाराबाहेर पडली.

"जया, कुठं चाललीस गं?"

जया बोलली नाही. वळली नाही.

इंदुताई हसू लागल्या. एवढ्या लोकांनी कौतुक केलं म्हणून सासूची दृष्ट काढते आहे पोर! आणि हसता हसता त्या एकदम उभ्या राहिल्या. पायात चपलाही न घालता सुनेच्या मागे निघाल्या. लपायची गरज नव्हती. दृष्ट टाकायला निघालेली बाई मागे वळून पाहत नसते.

जया चौकात आली. जिथे तीन वाटा मिळतात त्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबली. तिथली फरशी दिव्याखाली चकचकत होती, आणि वर पाटी होती. जया कोपरा सोडून झाडापाशी गेली. कठड्यावरून हात आत घातला. मूठ उघडली.

घरी येऊन जयाने पाय धुतले. आता बोलायला हरकत नव्हती. इंदुताई समोर बसल्या.

"जया, तू ते आळ्यात का टाकलंस?"

"मग कुठं टाकू, आई?" जया गोंधळली. "पहिले तिठ्यावर उकिरड्यात टाकत होतो. आता तिथं केवढी छान फरशी आहे. तिच्यावर मीठ-मिरच्या टाकायच्या म्हणजे जिवावर येतं हो. गटारं झाकली. सगळ्या चौकात माती म्हणून तेवढीच उरली आहे. आणि मी टाकते ते केवढं? मूठभर! झाडाला काय होते त्यानं?"

"तुझ्या एकटीच्या मुठीनं काही होत नाही, बाळा," इंदुताई म्हणाल्या. "तू एकटी असलीस तर."

दुसऱ्या दिवशी कीर्तन आटोपल्यावर त्या रुपरावांच्या तिकीट खिडकीआड जाऊन बसल्या. शेजारी रुपराव. पोरं खेळून घरी गेली तसा सुरू झाला तो मुका खेळ. एक बाई आली, ओट्यावरून दिसू नये अशी खोडाच्या आडून आळ्यात हात घातला, गेली. ती वळणाआड झाली की दुसरी आली. मग तिसरी. कोणी कोणाला पाहिलं नाही, कोणी कोणाशी बोललं नाही. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच. चौक देखणा झाला, दिव्याखाली पोरं खेळू लागली, येणारा-जाणारा त्यांच्याकडे कौतुकाने पाहू लागला. मग आयांच्या जिवाला घोर लागला, आणि पूर्वी सणासुदीला निघणारी दृष्ट आता रोज संध्याकाळी निघू लागली.

"बाई," रुपराव कुजबुजले, "माझ्या नाटकाला नाही, पण याला हाउसफुल्ल आहे!"

तेवढ्यात ओळखीची चाल दिसली. भरभर, खाली मान. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर अंजनाबाईंच्या सुनेला मुलगा झाला होता. या चौकात सगळ्यात गोरं, गुटगुटीत बाळ तेच. अंजनाबाई आळ्याशी आल्या. आज मात्र त्यांची मूठ लवकर उघडेना. झाडाकडे पाहत त्या उभ्या राहिल्या. मग खोडाआडून वाकून, पलीकडे ओट्यावर भट्टी आवरणाऱ्या नत्थूकडे पाहिलं. शेवटी मूठ उघडली आणि त्या गेल्या.

"आता झालं!" रुपराव टाळी देत म्हणाले. "उद्या कीर्तनात नाव घेऊन टाका. चोराच्या उलट्या बोंबा! त्या गरिबाला ओट्यावरून उठवायला निघाल्या होत्या!"

"चोर कोण त्यात, रुपराव? आपण सगळे वैरी शोधत होतो, म्हणून सापडेना," इंदुताई म्हणाल्या. "आणि नाव घेतलं तर नत्थू सुटेल खरा. पण त्याला त्याच बायांच्या मध्ये बसून दाणे विकायचे आहेत. जिचं नाव मी चारचौघांत घेईन, ती त्याला जन्मभर माफ करणार नाही."

"मग नत्थूला सोडवणार कसं?"

रात्री देवापुढे बसून इंदुताईही तेच विचारत राहिल्या.

५

अष्टमीला चौक फुलून गेला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, पहिल्या ओळीत मधोमध अंजनाबाई. इंदुताईंनी नत्थूला बोलावून आपल्या गादीशेजारी उभं केलं. लोकांत कुजबुज झाली.

उत्तररंगात त्यांनी कालियाची कथा लावली. यमुनेच्या डोहात विषारी नाग. त्याच्या फुत्काराने काठचं गवत जळलं, वेली जळल्या, वरून उडणारी पाखरं पाण्यात पडली. उभा राहिला फक्त एक कदंब. त्याच्यावर चढून गोविंदाने डोहात उडी घेतली. टाळ झडले, मृदंग घुमला, "गोपालकृष्ण महाराज की जय!" झालं. मग इंदुताईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"त्या कदंबाला विष लागलं, ते वैराचं होतं. आपल्या कदंबाला लागलंय ते मायेचं आहे." त्या थांबल्या. "लेकरांवरून उतरवलेल्या मीठ-मोहऱ्या कुठं टाकायच्या, हे या चौकाच्या नकाशात काढायचं राहून गेलं. वामनरावांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांची दृष्ट त्यांची आई काढते, ते काढत नाहीत."

वामनराव लाजले. लोक हसले. मग एकेका बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

"नजर लागते की नाही लागत, तो रामराया जाणे. पण लेकरासाठी आई मूठ भरते, त्यात पाप नाही. पाप एकच होईल. आपल्या मुठीचा आळ या माणसावर राहिला तर." त्यांनी नत्थूच्या खांद्यावर हात ठेवला. "दृष्टीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. तोच नियम आत्ता पाळा. कोणी बोलू नका. कोणी मागे बघू नका. जिची मूठ त्या आळ्यात उघडली असेल, तिनं फक्त हात वर करायचा. पाहणार आम्ही दोघंच, मी आणि नत्थू."

कोणाचाही हात वर जाईना. नत्थूने मान खाली घातली.

एवढा हिशोब इंदुताईंचा चुकला होता. मागच्या बायांना कोणी पाहणार नव्हतं, ते खरं. पण पहिल्या ओळीचं काय? पहिल्या ओळीतला हात मागच्या सगळ्यांना दिसणार होता. पुरुषांना दिसणार होता. समितीला दिसणार होता. आणि पहिल्या ओळीत मधोमध बसल्या होत्या अंजनाबाई. ज्यांनी नत्थूवर बोट रोखलं होतं, त्याच. गप्प बसल्या असत्या तर इंदुताई त्यांचं नाव घेणार नव्हत्या, हे अंजनाबाईंना ठाऊक नव्हतं. पण हात वर करायला आपल्याला कोणी भाग पाडत नाही, एवढं तर ठाऊक होतंच.

अंजनाबाईंनी पदर सावरला. मग उजवा हात उचलला. अर्धा नाही, कोपरापर्यंत नाही. सरळ, ताठ, दिव्याच्या खांबासारखा.

मागे बांगड्या वाजल्या. एक हात. दुसरा. मग ओळीच्या ओळी. जयाचा. तबलेवाल्याच्या आईचा. अगदी मागे चंपतरावांच्या बायकोचा, आणि तो पाहून पुरुषांत शेवटी बसलेल्या चंपतरावांनी, का कोण जाणे, आपलाही हात वर केला.

नत्थू पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले, पण तोंड म्हणेना की गप्प बसतो. "बाप्पा!" तो म्हणाला. "बाई, हात खाली करा म्हणा जी त्याइले. झाडापरीस जास्त सावली पडून राहिली!"

असा हशा पिकला की थिएटरवरचे कावळे उडाले. हशा ओसरला तेव्हा अंजनाबाई उठून उभ्या होत्या.

"नत्थू," त्या म्हणाल्या. "म्या तुले वंगाळ बोलली. झाडाले मीच मारत होती, अन् नाव तुह्यं घेतलं. समितीचा शब्द मी वापस घेतो. ओटा तुह्याच हाये." मग मागे वळून, नियम मोडून, बायांना म्हणाल्या, "पाहून काय राहिल्या वं? घागरी आणा!"

त्या संध्याकाळी कोणाच्या घरी स्वयंपाक वेळेवर झाला नाही. वामनरावांनी आळ्यातली वरची माती काढून नवी घातली, कठड्याला भोक पाडून झाकल्या गटारात वाट काढली, आणि बायांनी घागरींमागून घागरी ओतल्या, खार धुऊन निघावा म्हणून. नवमीलाही तेच. दशमीला साहेब आले तेव्हा झाड अजून अर्धं बोडकंच होतं, पण चौकाच्या मधोमध चिखल, आणि चिखलात ओल्या लुगड्यांनी उभा राहिलेला अख्खा मोहल्ला.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"नकाशात एक चूक झाली होती साहेब," वामनराव म्हणाले. "दुरुस्त करून राहिलो."

साहेबांनी नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं होतं. त्यांनी पोळ्यापर्यंतची मुदत दिली आणि नत्थूकडचे दाणे खात गाडीत बसले.

तिठ्याच्या कोपऱ्यातली पाटी काढून टाकली गेली. तिथली एक फरशी उचलून वामनरावांनी लोखंडी जाळी बसवली, खाली वाहतं गटार. त्या जाळीला कुठल्याही कागदावर नाव नाही, पण ती कशासाठी आहे हे चौकातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. आणि कदंब? पोळ्याला वामनराव साहेबांना पुन्हा घेऊन आले, तेव्हा फांद्यांतून आभाळ दिसत नव्हतं. गाळ्यांचा कागद साहेबांनी तिथेच फाडला.

गोष्ट संपली. कोडं इंदुताईंनी सोडवलं, झाड वामनरावांनी धुतलं, नत्थूचा पत्ता राहिला. त्यांची नावं लोक घेतातच. तुम्ही मात्र माझं एवढं ऐका. संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा अंजनाबाई ठवकरांची आठवण ठेवा. मागच्या ओळीत बसून हात कोणीही वर करील. त्या पहिल्या ओळीत बसल्या होत्या.